गाठ हाताला लागत नाही तेव्हा

आपल्या कुत्र्याला रक्ताचा कर्करोग झाला आहे असं यवतमाळात कुणाला सांगितलं, की समोरून ठरलेले दोन प्रश्न येतात. पहिला, ‘‘कुत्र्यालेबी कॅन्सर होते काय बाप्पा?’’ आणि चार दिवसांनी दुसरा, ‘‘मंग, बरा झाला का आता?’’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे. होतो, आणि तो काही दुर्मीळ आजार नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र बंड्याच्या आजारपणाच्या सव्वा वर्षात मला कधीच एका शब्दात देता आलं नाही.

बंड्या आमचा लॅब्रॅडॉर, तेव्हा आठ वर्षांचा. २०२३ च्या दिवाळीनंतर त्याचं अंग पुसताना आईच्या हाताला जबड्याखाली दोन गाठी लागल्या. दुखत नव्हत्या, खाणंपिणं नेहमीचं. आमच्या पशुवैद्यक डॉक्टरांनी खांद्यापुढे आणि मागच्या गुडघ्यांमागे चाचपलं, तर तिथंही लिंबाएवढ्या गाठी. आपल्या भागात अशा वेळी पहिला संशय गोचीडतापाचा, आणि तो घ्यायलाच हवा. गोचिडांमुळे होणाऱ्या त्या तापातही ग्रंथी सुजतात, प्लेटलेट उतरतात. रक्त तपासलं, गोळ्या झाल्या, गाठी जिथल्या तिथं. मग सुईनं गाठीतल्या पेशी ओढून काचपट्टीवर घेतल्या आणि आम्ही दीडशे किलोमीटरवर नागपूरला, सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेलो. निदान झालं लिम्फोमाचं.

काटेकोर बोलायचं तर ल्युकेमिया अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात सुरू होतो आणि लिम्फोमा लसिका ग्रंथींत. बिघडतात त्या पांढऱ्या पेशीच, म्हणून बोलताना आपण दोघांनाही रक्ताचा कर्करोग म्हणून मोकळे होतो.

निदान होईपर्यंत डॉक्टरांनी स्टिरॉइडची एकही गोळी देऊ दिली नाही. तेव्हा तो हट्ट वाटला होता. कारण नंतर कळलं. प्रेडनिसोलोन सुरू केलं की लिम्फोमाच्या गाठी काही दिवसांत लोण्यासारख्या विरघळतात, कुत्रं ताजंतवानं दिसतं आणि घरचे खूश होतात. पण मग सुईनं घेतलेल्या पेशींत निदान नीट उमटत नाही, आणि उरलेल्या पेशी पुढच्या औषधांना दाद देईनाशा होतात. नुसत्या त्या गोळीवर मिळतात ते एक-दोन महिने.

खरा उपचार चार औषधांचा: व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन आणि प्रेडनिसोलोन. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या नावानं ओळखली जाणारी ही पद्धत आहे. आळीपाळीनं, साधारण पाच-सहा महिने. यातलं व्हिन्क्रिस्टिन येतं सदाफुलीतून. होय, तुमच्या-आमच्या अंगणात पाण्यावाचूनही फुलणारी तीच. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघतं. आणि गंमत म्हणजे हे इंजेक्शन तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यालाही अनोळखी नाही. मोकाट कुत्र्यांच्या जननेंद्रियांवर कोबीच्या फुलासारखी, रक्त गळणारी गाठ येते. ती संसर्गानं, अगदी जिवंत पेशींच्या रूपानं एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते. आठवड्याला एक व्हिन्क्रिस्टिन, अशी काही इंजेक्शनं झाली की बहुतेक कुत्री कायमची बरी होतात.

लोकांचा दुसरा प्रश्न तिथूनच येतो, असं मला वाटतं. गल्लीतल्या काळूची गाठ गेली आणि काळू बरा झाला, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. लिम्फोमाचा हिशेब वेगळा. गाठ जाते. आजार जात नाही.

मोजमाप इथंच कामाला येतं. पहिल्या इंजेक्शनआधी डॉक्टरांनी पाच ग्रंथी निवडल्या आणि कॅलिपरनं त्यांची लांबी घेतली. पुढे हे काम माझ्या मुलीनं उचललं. ती अकरावीत होती. व्हर्निअर कॅलिपरशी तिची ओळख फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमुळे झालेली, तेवढा एकदाच त्याचा घराला उपयोग झाला. कुत्र्यांच्या लिम्फोमासाठी पशुवैद्यक कर्करोगतज्ज्ञांनी २०१० मध्ये ठरवून दिलेले निकष आहेत. सगळ्या ग्रंथी मूळ आकाराला आल्या तर प्रतिसाद पूर्ण. मापांची बेरीज निदान तीस टक्क्यांनी घटली तर अंशतः. आतापर्यंतच्या सगळ्यात कमी मापापेक्षा वीस टक्के वाढली, तर आजार पुढे सरकतो आहे. निदान एवढं आकड्यांत असावं, कारण घरच्या माणसाचा हात पक्षपाती असतो. बंड्याची गाठ आईला रोज लहान लागायची, मला रोज मोठी.

चौथ्या आठवड्यात पाचही ग्रंथी हाताला लागेनाशा झाल्या. या औषधांवर शंभरातली ऐंशी-नव्वद कुत्री इथवर येतात. डॉक्टर याला ‘रेमिशन’ म्हणतात. मराठीत मला ‘ओसरणं’ हा शब्द बरा वाटतो. ढोबळ हिशेबानं एक घन सेंटिमीटर गाठीत एक अब्ज पेशी असतात. त्यांची संख्या त्याच्या बरीच खाली गेली की बोटांना काही लागत नाही. पण तेव्हाही अंगात लाखो-कोट्यवधी पेशी शिल्लक असू शकतात. म्हणूनच गाठ दिसेनाशी झाली तरी इंजेक्शनं थांबवायची नसतात. ‘आता तर बरा आहे, नागपूरचे हेलपाटे कशाला?’ हा प्रश्न आमच्याही घरात जेवणाच्या पंगतीत आला, आणि एका नातेवाइकांनी माणसांच्या औषधाला पैसे नसतात तिथं हे काय, असंही सुनावलं. त्यांचं म्हणणं मी खोडू शकलो नाही. या जिल्ह्यात ते खोडता येणारही नाही.

गाठींपलीकडे रक्ताची पाहणी असते. इंजेक्शननंतर आठवड्याभरानं जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या ठरावीक आकड्याखाली असल्या तर पुढचा डोस लांबवतात. नाहीतर कर्करोगाआधी साधा जंतुसंसर्गच नेतो. माणसांच्या रक्तासाठी जुळवलेलं मोजणीयंत्र कुत्र्याच्या रक्तात फसू शकतं, म्हणून काचपट्टी डोळ्यांनी मोजणारा माणूस हवा. लालभडक डॉक्सोरुबिसिन हृदयाला त्रास देतं, त्याचा एकूण हिशेब ठेवायचा. सायक्लोफॉस्फमाइडनं लघवीतून रक्त जाऊ शकतं, म्हणून लघवीचा रंग पाहायचा. आणि ही औषधं काही दिवस लघवी-शीतून बाहेर पडतात. साफ करताना हातमोजे हवेत, लहान मुलं आणि गरोदर बाई लांब. केस मात्र माणसासारखे झडत नाहीत. बंड्याच्या फक्त मिशा गेल्या. त्यानं तो फार तरुण दिसायचा.

उरलेल्या पेशी शोधण्याच्या अधिक बारीक तपासण्याही निघाल्या आहेत. कर्करोगी पेशींची जनुकीय खूण रक्तात मोजली, तर गाठ सुजण्याच्या काही आठवडे आधी आजार परततो आहे हे कळतं, असं संशोधकांना दिसलं आहे. विचारलं तेव्हा आमचे डॉक्टर म्हणाले, ‘‘साहेब, महिनाभर आधी कळलं तर तुमचा महिनाभर खराब होईल. त्याचा नाही.’’ शास्त्र म्हणून ते उत्तर अपुरं असेल. मला पटलं.

कारण कुत्र्याच्या उपचारात पूर्ण बरं करण्याची आशा क्वचितच असते. डोस माणसापेक्षा सौम्य ठेवतात, ते मिळालेले दिवस चांगले जावेत म्हणून. उपचारांविना महिना-दीड महिना. उपचारांनी, आजार बी-पेशींचा असेल तर साधारण वर्षभर. दोन वर्षं पाहणारी थोडी. म्हणून मुलीच्या वहीत आईनं स्वतःचा एक रकाना आखून घेतला होता. ‘भाकरी: एक. मोरी धुताना मध्ये मध्ये आला.’ ‘भाकरी: अर्धी. मांजरीकडे पाहिलं नाही.’ पुढे पुढे डॉक्टर मापांच्या आधी तोच रकाना वाचायचे.

२०२४ च्या नवरात्रात जबड्याखालची डावी ग्रंथी पुन्हा लागली. आठवड्यानं परत मोजली, सगळी बेरीज केली. वीस टक्क्यांच्या वर. औषधं पुन्हा सुरू करता येतात, दुसऱ्यांदाही आजार ओसरतो, पण बहुधा पहिल्याहून कमी काळ. आम्ही दोन फेऱ्या केल्या. गाठी घटल्या, थांबल्या, वाढल्या. मग घरात बसून, मुलीला धरून, इंजेक्शनं बंद करायचं ठरलं. राहिली ती फक्त प्रेडनिसोलोनची गोळी, जी सुरुवातीला नको होती आणि आता हवी होती.

डॉक्टरांनी मापांचा रकाना रिकामा सोडायला सांगितला. आईचा चालू राहिला. त्यातली शेवटची नोंद २०२५ च्या संक्रांतीनंतरची आहे: ‘दहीभात, चार घास, हातानं.’ दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी आले, आणि पाऊण तासानं आम्ही त्याला मागच्या अंगणात नेलं.

वही सध्या आमच्याकडे नाही. आर्णीकडच्या एका कुटुंबाच्या कुत्रीला याच आजारासाठी इंजेक्शनं सुरू करायची होती. रकाने कसे आखायचे ते त्यांना दाखवायला म्हणून डॉक्टर ती मागून घेऊन गेले.