कोणती जुडी सरस? दाढीच्या ब्रशाचे विज्ञान

दाढीच्या ब्रशात विज्ञान ते कसले, असे तुम्हांला वाटेल. साबण ओला करायचा, ब्रश फिरवायचा, फेस आला की झाले! परंतु इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी या देशांत हाताने ब्रश बनवणारे कारागीर आजही आहेत आणि त्यांच्या एकेका ब्रशाची किंमत साध्या ब्रशाच्या कित्येक पट असते. हे ब्रश बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचे असतात. त्यांना ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सुपर’, ‘सिल्व्हरटिप’ अशी चढत्या भाजणीने नावे दिलेली असतात. गंमत अशी, की या नावांचे सर्वमान्य प्रमाण कोठेच नाही. एका कारखान्याचा ‘बेस्ट’ दुसऱ्याच्या ‘सुपर’ इतका चांगला असू शकतो. मग दोन ब्रश समोर ठेवले, तर त्यांतला सरस कोणता हे ठरवायचे कसे?

केस आणि जुडी

बॅजर हा पाणमांजराच्या कुळातला, बिळात राहणारा, निशाचर प्राणी. तोंडावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमुळे तो चटकन ओळखू येतो. त्याच्या अंगावरचा लांब केस नीट पाहिला, तर टोक पांढरे, त्याखाली काळा पट्टा आणि बुडाकडे पुन्हा फिकट रंग असे तीन भाग दिसतात. केस टोकाकडे निमुळता होत जातो. ब्रश मऊ लागतो तो या निमुळत्या टोकांमुळेच.

कारागीर सारख्या लांबीचे केस निवडून वाटीसारख्या साच्यात टोके खाली करून ठेवतो. साच्याच्या खोलगटपणामुळे टोकांना आपोआप घुमटाचा आकार येतो. मग केसांची बुडखे दोऱ्याने घट्ट आवळून चिकटद्रव्याने पक्की करतात आणि वाढीव भाग बुडाकडून कापतात. अशी तयार झालेली जुडी मुठीच्या खळग्यात बसवली, की ब्रश पुरा झाला. येथे महत्त्वाची गोष्ट ही, की टोकांना कात्री लावलेली नसते. स्वस्त ब्रशांत पुष्कळदा केस कसेही बांधून घुमट कात्रीने कापून काढतात. कापलेले टोक बोथट व जाड असते, म्हणून ते गालाला टोचते. केस तोच, पण बांधणी बदलली की गुण बदलला.

ताठपणाचे गणित

प्रत्येक केस म्हणजे एका टोकाला घट्ट रोवलेली बारीक काठी आहे, असे समजा. मोकळ्या टोकाला तेवढाच जोर लावला, तर काठी किती वाकेल हे तिच्या लांबीच्या घनावर अवलंबून असते. लांबी दुप्पट केली, की वाकणे आठ पट होते. उलट, व्यास वाढला की ताठपणा व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढतो.

आता हे नियम ब्रशाला लावून पाहू. दोन जुड्यांत अगदी सारखेच केस आहेत. एकीत मुठीबाहेरची मोकळी उंची ५४ मिलिमीटर आहे, दुसरीत ४८ मिलिमीटर. ५४ भागिले ४८ म्हणजे १.१२५, त्याचा घन सुमारे १.४२. म्हणजे फक्त ६ मिलिमीटर फरकाने आखूड जुडीतला प्रत्येक केस सुमारे ४२ टक्के अधिक ताठ होतो! केस १० टक्के जाड असेल, तर १.१ चा चतुर्थ घात सुमारे १.४६; म्हणजे ताठपणा ४६ टक्क्यांनी वाढला. जुडीचा व्यास २२ ऐवजी २६ मिलिमीटर केला आणि केस तितकेच दाट ठेवले, तर क्षेत्रफळाच्या हिशेबाने केसांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी वाढते.

यावरून काय दिसते? ‘हा ब्रश ताठ आहे, म्हणून याचे केस वरच्या प्रतीचे’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे. तो ताठपणा निव्वळ आखूड उंचीचा असू शकेल. दोन ब्रशांच्या केसांची तुलना करायची, तर उंची, व्यास आणि घुमटाचा आकार सारखा असला पाहिजे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम येथेही लागू पडतो.

पाणी कोठे साठते?

बॅजरचा केस पाणी ‘धरून ठेवतो’ असे म्हणतात. पण कसे? केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. लोकर, नख, शिंग यांतही हेच प्रथिन असते. पूर्ण भिजलेले केराटिन आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषते, थोडे फुगते आणि मऊ पडते. समजा, जुडीत १० ग्रॅम केस आहेत. मग केसांच्या आत साधारण ३ ग्रॅम पाणी मावेल. प्रत्यक्षात ओल्या ब्रशाचे वजन केले, तर पाणी याहून बरेच अधिक भरते. हे जास्तीचे पाणी केसांच्या आत नसून केसांच्या मधल्या अरुंद फटींत असते आणि त्याला तेथे पृष्ठताण धरून ठेवतो.

इंग्रज शास्त्रज्ञ सी. व्ही. बॉईज यांनी १८८९ च्या अखेरीस व १८९० च्या आरंभी लंडनमध्ये मुलांसाठी साबणाच्या फुग्यांवर व्याख्याने दिली. त्यांत त्यांनी साधा रंगाचा ब्रश घेऊन एक सुंदर प्रयोग दाखवला. कोरड्या ब्रशाचे केस पसरलेले असतात. तो पाण्यात बुडवून बाहेर काढला, की केस एकमेकांना बिलगतात. आपण म्हणतो, ‘ओले झाले म्हणून चिकटले.’ पण ब्रश पाण्यातच धरला, तर केस पुन्हा पसरलेले दिसतात, आणि तेव्हा तर ते ओलेच असतात! याचा अर्थ, ओलेपणा हे खरे कारण नव्हे. हवा आणि पाणी यांच्यामधला पृष्ठभाग आकुंचन पावू पाहतो आणि तोच केसांना एकत्र ओढतो. पाण्याच्या आत असा पृष्ठभाग केसांभोवती नसतो.

आता दाटपणाचा प्रश्न पाहा. केस फार विरळ असले, तर फटी रुंद होतात आणि पाणी गळून जाते. फार दाट असले, तर फटींत जागाच कमी उरते व फेस आत अडकून बसतो. म्हणून ‘जितका दाट तितका चांगला’ हेही खरे नाही. चांगली जुडी पाणी धरते आणि दाबली की फेस सोडतेही.

सोंगाची किंमत

नाव आणि रूप यांवर विसंबल्याने माणसांचे प्राण गेल्याची नोंद आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४ ते १९१८) बॅजरच्या केसांचा नेहमीचा पुरवठा विस्कळीत झाला. तेव्हा घोड्याचे केस रंगवून, त्यांना बॅजरसारखे रूप देऊन ब्रश विकले गेले. त्यांतील काही केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्यांत अँथ्रॅक्सचे, म्हणजे आपल्याकडे गुरांना होणाऱ्या काळपुळी रोगाचे, जंतू बीजाणूंच्या रूपाने टिकून होते. दाढी करताना पडलेल्या बारीक जखमांतून ते शरीरात शिरले. इंग्लंड व अमेरिकेत सैनिक आणि नागरिक आजारी पडले, काही दगावले. रंगाच्या पट्ट्यावरून केस कोणाचा हे ठरत नाही. केसावरच्या खवल्यांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तरच ते कळते.

तुम्हीच करून पाहा

बॅजरच्या ब्रशाची गरज नाही. नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचा एक आणि डुकराच्या केसांचा एक असे दाढीचे दोन ब्रश घ्या. मोकळी उंची व व्यास मोजून लिहा.

१. कोरड्या ब्रशाचे वजन करा. तो टोकापासून अर्ध्या उंचीपर्यंत पाच मिनिटे पाण्यात ठेवा, बाहेर काढून एक मिनिट निथळू द्या आणि पुन्हा वजन करा. दोन वजनांतला फरक म्हणजे धरलेले पाणी.

२. ब्रश उलटा धरून इलेक्ट्रॉनिक काट्यावर टेकवा व जुडी १० मिलिमीटर दबेपर्यंत दाबा. काटा किती ग्रॅम दाखवतो ते टिपा. हे कोरड्या व ओल्या ब्रशावर करा. प्रत्येक माप पाच वेळा घेऊन सरासरी काढा.

३. मुठींना सारखा कागद गुंडाळा. मित्राच्या डोळ्यांना पट्टी बांधून त्याच्या हाताच्या पाठीवर ब्रश फिरवा आणि अधिक मऊ कोणता ते विचारा. क्रम बदलून निदान दहा वेळा विचारा. मापे आणि मत जुळतात का?

आणखी एक गोष्ट या तुलनेत धरली पाहिजे. बॅजरचे केस मेलेल्या प्राण्याच्या कातड्यावरून काढतात. व्यापारातले बहुतेक केस चीनमधून येतात; ब्रिटनमध्ये १९७३ पासून बॅजरला कायद्याचे संरक्षण आहे. आपल्याकडे चित्रकलेच्या ब्रशांसाठी मुंगसांची चोरटी हत्या होत आली आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ या कायद्याने ती बंद व्हावी अशी तरतूद आहे, आणि मुंगसाच्या केसांचा ब्रश विकणे हा गुन्हा आहे. आता कृत्रिम धाग्यांनाही निमुळती टोके देता येतात. चित्रकलेचा ब्रश विकत घेताना तो कशाचा आहे हे दुकानदाराला जरूर विचारा. मऊपणा, ताठपणा आणि पाणी धरण्याची शक्ती या तिन्ही बाबतींत कृत्रिम धागा कोठवर पोचतो, हे तर तुम्हांला काट्यावरच मोजता येईल. तुमच्या मापांचा तक्ता करून वर्गात लावा.