तारीख अढळ, काम लवचिक

सॉफ्टवेअर लिहिण्याचा व्यवसाय आतां आपल्या घरांतून नवा राहिलेला नाहीं. मुलगा अगर सून ‘आज रिलीज आहे’ म्हणून रात्रभर जागते, तेव्हां वडील मंडळींस प्रश्न पडतो, कीं हें रिलीज म्हणजे काय, व त्यासाठीं जागरणच कां व्हावें?

तयार झालेलें सॉफ्टवेअर वापरणारांच्या हातीं देणें म्हणजे रिलीज. जुनी पद्धत अशी, कीं इष्ट गोष्टींची यादी करावयाची व ती पुरी झाल्यावरच वस्तु बाहेर काढावयाची. यांत एका अपुऱ्या भागापायीं तयार झालेले दहा भाग अडून राहतात. डेबियन या प्रसिद्ध संगणकप्रणालीची ३.० ही आवृत्ति जुलै २००२ मध्यें निघाली; पुढची ३.१ निघावयास जून २००५ उजाडला.

फेब्रुवारी २००१ मध्यें अमेरिकेंत युटा संस्थानांतील स्नोबर्ड येथें सतरा जाणत्या मंडळींनीं ‘अजाइल’ पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. चालतें सॉफ्टवेअर थोड्याथोड्या आठवड्यांनीं, फार तर दोनएक महिन्यांनीं देत जावें, हें त्यांतील एक तत्त्व. या पद्धतीचे पुष्कळ चमू दर पंधरवड्यास एकत्र बसतात, कामाचे लहान तुकडे पाडतात, मागल्या पंधरवड्यांत प्रत्यक्ष किती उरकलें त्यावरून पुढचा अंदाज बांधतात, व सर्वांत गरजेचें काम आधीं हातीं घेतात. त्यामुळें शेवटीं कांहीं उरलेंच, तर तें कमी महत्त्वाचें असतें.

ठराविक तारखेचें उत्तम उदाहरण डेबियनच्याच पायावर उभारलेल्या उबुंटूचें. ऑक्टोबर २००४ पासून ती सामान्यतः दर सहा महिन्यांनीं निघते, ४.१० या पहिल्या आवृत्तीच्या अंकांतच वर्ष व महिना आहे. जो भाग वेळेवर तयार नसेल, तो पुढच्या खेपेस जातो; आगगाडी एका उतारूसाठीं थांबत नाहीं. अपवादहि घडला: एप्रिल २००६ ची आवृत्ति दीर्घकाळ वापरावयाची, म्हणून अधिक पारखून सहा आठवडे उशिरा, जूनमध्यें काढली. मात्र ही मुदतवाढ आगाऊ जाहीर केली होती.

तारीख, काम व माणसें हीं तिन्ही एकदम करकचून बांधलीं, कीं ताण सोसावा लागतो तो गुणाला आणि माणसांच्या प्रकृतीला. म्हणून तारीख ठरवितांनाच, वेळ अपुरा पडल्यास कोणतें काम मागें ठेवावयाचें, हेंहि चमूच्या प्रमुखानें ठरवून ठेवावें. अशा नियोजनानें सारीं जागरणें टळतील असें नव्हे; पण टाळतां येण्याजोगीं तरी टळतील.