पाऊस आपला, पण गणित समुद्राचं! एल निनो म्हणजे नेमकं काय?

मृग नक्षत्र जवळ आलं की व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरायला लागतात, 'यंदा एल निनो आहे, पाऊस कमी!' मग बियाणं कधी घ्यायचं, पेरणी कधी करायची, यावर पारावर चर्चा सुरू होते. पण हजारो किलोमीटर लांबच्या समुद्राचा आपल्या शिवाराशी संबंध काय? सोप्या भाषेत समजून घेऊ.

समुद्राचं पाणी सतत वाहतं

पृथ्वीवरचं सुमारे ९७ टक्के पाणी समुद्रात आहे. हे पाणी एका जागी थांबत नाही. वरचं पाणी वारा ढकलतो. थंड आणि जास्त खारं पाणी जड असतं, ते तळाशी जातं आणि हळूहळू सरकतं. यालाच सागरी प्रवाह म्हणतात. हे प्रवाह पाण्यासोबत उष्णताही वाहून नेतात. जिथं समुद्र तापतो, तिथं वाफ आणि ढग जास्त.

एल निनोत काय होतं?

प्रशांत महासागरात एरवी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि गरम पाणी इंडोनेशियाच्या बाजूला साठतं. काही वर्षांनी हे वारे मंदावतात. मग गरम पाणी उलट दक्षिण अमेरिकेकडे पसरतं, ढगांची जागाही सरकते. अशा वर्षी आपला मान्सून कमजोर पडण्याची शक्यता वाढते. २०२३ मध्ये एल निनो होता. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

मग दुष्काळ नक्कीच का?

नाही. १९९७ मध्ये एल निनो जोरदार होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू जास्त तापली होती आणि इंडोनेशियाकडची थंड होती. याला 'इंडियन ओशन डायपोल' म्हणतात. ही स्थिती आपल्या पावसाला बळ देते.

खोल पाण्याची खबर कशी मिळते?

समुद्रात 'आर्गो' नावाची सुमारे ४,००० तरंगती यंत्रं सोडलेली आहेत. ती साधारण १,००० मीटर खोलीवर वाहत राहतात. दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत खाली जाऊन वर येतात. येताना पाण्याचं तापमान, खारटपणा मोजतात आणि माहिती उपग्रहाकडे पाठवतात. भारतात हे काम हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था पाहते.

शेतकऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

हवामान विभाग मान्सूनचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये देतो आणि मे अखेरीस सुधारतो. तो देशाचा अंदाज असतो, आपल्या मंडळाचा नाही. त्यामुळे फिरत्या मेसेजवर ना घाबरून जा, ना घाई करा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नका. दुबार पेरणीचा खर्च शेवटी आपल्याच खिशातून जातो.