पानांचें पंचांग

पुष्कळ घरांतून हल्लीं मुलगा-सून अथवा मुलगी-जांवई नोकरीनिमित्त अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असतात, आणि "यंदा पानांचे रंग पाहावयास याच" असें निमंत्रण येतें. निमंत्रण गोड खरें, परंतु घरांतील वडील माणूस पंचांग उघडून म्हणतें, "पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी टाकून झाडें पाहावयास जावें कीं काय?" बहुधा येथेंच बेत मोडतो. तो मोडण्याचें कारण नाहीं, एवढेंच सांगण्याकरितां हा लेखप्रपंच.

आपला शरदृतु म्हणजे निवळलेलें पाणी, काशपुष्पें आणि कोजागरीचें चांदणें. पानगळ आपल्याकडे शिशिरांत येते, आणि तीहि निमूटपणें. न्यू इंग्लंड या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ईशान्येकडील सहा राज्यांत मात्र शरदांतच पानें पिकतात. दिवस लहान होऊं लागले कीं झाड पानांतील हरितद्रव्य मोडून त्यांतलें सत्त्व आंत ओढून घेतें. मग मुळापासून दडलेला पिवळा व नारिंगी रंग उघडा पडतो. भूर्जवृक्ष असा पिवळा होतो. मेपलचा तांबडा रंग मात्र नव्यानें घडतो. पानांत अडकलेली साखर, स्वच्छ ऊन आणि गार पण न गोठविणारी रात्र, इतकी सामग्री जुळली म्हणजे तो खुलतो.

हा रंग एके दिवशीं सर्वत्र येत नाहीं. उत्तरेकडून दक्षिणेकडे, आणि डोंगरमाथ्यावरून दरीकडे व समुद्राकडे तो उतरत जातो. व्हरमाँट व न्यू हॅम्पशायर यांच्या उत्तर भागांत सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्याचा भर असतो. लिंकन ते कॉनवे हा सुमारें ३४ मैलांचा कँकामेगस मार्ग, व्हाइट मौंटन्सच्या अरण्यांतून जाणारा, ऑक्टोबरच्या पूर्वार्धांत पाहावा. मेन राज्यांतील समुद्रकांठच्या अकेडिया उद्यानास महिन्याचा मध्य साधतो. बॉस्टनच्या आसपास उत्तरार्ध. आणि कनेक्टिकटच्या किनाऱ्याकडे नोव्हेंबर लागेपर्यंत रंग टिकतो. असे एकंदर पांच आठवडे हातीं येतात.

आतां आपलें पंचांग शेजारीं ठेवावें. पानें सूर्याच्या मानानें चालतात, सण चंद्राच्या. २०२५ सालचा दसरा २ ऑक्टोबरचा. २०२६ सालीं अधिक ज्येष्ठ असल्यामुळें तोच २० ऑक्टोबरचा. परंतु कोणत्याहि वर्षीं दसरा व लक्ष्मीपूजन यांच्यामध्यें सुमारें १९ दिवस असतातच. पितरांचें श्राद्ध झालें, घट उठले, कीं सीमोल्लंघन करून निघावें आणि दिवाळीच्या पहिल्या अभ्यंगास घरीं परत यावें. दसरा लवकर आला तर उत्तरेचे डोंगर गांठावे. उशिरा आला तर उत्तर सोडून बॉस्टन व त्याच्या दक्षिणेकडील भाग पाहावा. तारीख कुळधर्मानें ठरवावी, गांव तारखेनें ठरवावें. आधीं गांव ठरवून मग तारखेशीं भांडत बसणें, ही बहुतेकांची चूक होते.

व्यावहारिक गोष्टी थोडक्यांत. व्हिसाच्या मुलाखतीस महिनेच्या महिने थांबावें लागूं शकतें. म्हणून अर्ज फार आधीं करावा. तेथील वैद्यकीय खर्च जबर असल्यानें प्रवासाचा विमा व नेहमींचीं औषधें यांत काटकसर नको. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारीं तेथें सुटी असते. त्याच्या आगेमागें डोंगरांत गर्दी होते व उतरण्याच्या जागा महाग पडतात. एका रात्रींत वारा-पाऊस पानें झोडपून टाकूं शकतो. तेव्हां प्रत्येक मुक्कामीं एक दिवस अधिक ठेवावा. सकाळीं थंडी कडक असते, लोंकरीचें वस्त्र जवळ हवेंच.

आपल्याकडे वृद्धास 'पिकलें पान' म्हणतात आणि म्हणतांना सुस्कारा टाकतात. मेपलचें झाड आपला सर्वांत तेजस्वी रंग शेवटच्या आठवड्यांत नव्यानें घडवितें, हें ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें, तो पुन्हां तो शब्द उच्चारतांना सुस्कारा टाकणार नाहीं. आईवडिलांचे गुडघे चालते आहेत तोंवर हा बेत करावा, असें माझें घरोघरच्या मुलांस सांगणें आहे.