हिरव्या खोक्यातला उंच मूग

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग हमखास असतो. पुठ्ठ्याचे चार खोके, तीन खोक्यांच्या तोंडाला लाल, निळा आणि हिरवा जिलेटीन कागद, चौथ्याला बिनरंगी. आत मुगाची रोपं. आठवड्याने पट्टी लावून उंची मोजायची, स्तंभालेख काढायचा आणि सर्वांत उंच रोपाचा रंग वाढीला सर्वोत्तम म्हणून जाहीर करायचा. अनेकदा हा मान हिरव्या खोक्याकडे जातो आणि पंचाईत होते. पुस्तकात तर लिहिलेलं असतं की, हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषतं, हिरवा फारसा नाही. मग वहीतले आकडे हळूच पुस्तकाच्या बाजूला सरकतात.

खरं तर आकड्यांना हात लावायची गरजच नसते. घोळ आहे तो उंचीलाच वाढ समजण्यात.

जोडीला पाचवा, पूर्ण काळोखाचा खोका ठेवून पाहा. त्यातला मूग बहुधा सगळ्यांना मागे टाकेल. पांढुरका, लांबुडका, पानं पिवळी आणि न उलगडलेली. मातीखालच्या रोपाला आधी उजेड गाठायचा असतो, म्हणून ते हाताशी असेल ते सगळं खोडाच्या लांबीवर उधळतं. हाताशी असतात दाण्याच्या दोन डाळी. पहिले काही दिवस मुगाचं रोप मुख्यतः याच साठ्यावर जगतं. त्यामुळे आठवड्यात आटोपलेला प्रयोग प्रकाशातून मिळणाऱ्या अन्नाबद्दल फारसं काही सांगत नाही. काळोखातलं ते उंच रोप वाळवून तोललं, तर कोरड्या दाण्यापेक्षा हलकं भरतं. श्वसनात साठा जळून गेलेला असतो.

पण मग रंगाप्रमाणे उंची का बदलते? कारण प्रकाश रोपाला अन्न देतो तशी खबरही देतो. अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये लेट्यूसच्या बियांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. लाल प्रकाशाचा झोत दिला की बिया रुजत. त्यानंतर लगेच दूर-लाल, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा प्रकाश दिला, की रुजणं थांबे. दोन्ही कितीही वेळा आलटूनपालटून दिले, तरी बिया शेवटचाच झोत मानत. या खटक्यामागच्या रंगद्रव्याला पुढे फायटोक्रोम हे नाव मिळालं.

दाट झाडीत वरची पानं लाल प्रकाश खाऊन टाकतात, दूर-लाल मात्र खाली झिरपतो. खालच्या रोपाला त्यावरून कळतं की, डोक्यावर कुणीतरी आहे, आणि ते उंच होऊ लागतं. हिरवा जिलेटीन कागदही लाल अडवतो आणि दूर-लाल बऱ्याच अंशी सोडतो. खोक्यातला मूग झाडाखाली असल्यासारखा वागला तर नवल नाही. निळ्या प्रकाशाचा परिणाम उलटा. तो ओळखणारी क्रिप्टोक्रोमसारखी वेगळी प्रथिनं असतात आणि तो पुरेसा असेल तर खोडाची लांबण आवरते. जाता जाता हेही सांगायला हवं की, पान हिरवा प्रकाश सगळा परतवत नाही. त्यातला निम्म्याहून जास्त भाग ते शोषतं आणि वापरतंही.

आणखी एक गोची कागदाची. तो रंग निवडतो तसा एकूण उजेडही घटवतो, आणि प्रत्येक रंगाचा कागद वेगळ्या प्रमाणात. यात भलेभले फसले आहेत. फिलाडेल्फियाच्या जनरल ऑगस्टस प्लेझंटन यांनी 1860 च्या दशकात द्राक्षांच्या काचघरात दर आठवी ओळ निळ्या काचेची बसवली. वेल फोफावले. 1876 मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक काढलं, तेही निळ्या कागदावर निळ्या शाईने! मग दुखणाईतसुद्धा निळ्या काचेखाली बसू लागले. निळी काच प्रकाशात काहीच भर घालत नाही, उलट अडवते, हे पुढच्या वर्षी ‘सायंटिफिक अमेरिकन’ला ठणकावून सांगावं लागलं.

शाळेत हे टाळता येतं. बिनरंगी खोक्यावर ट्रेसिंग पेपरचे थर चढवून उजेड साधारण बरोबरीला आणा, मोबाइलमधलं प्रकाश मोजणारं अॅप अंदाजापुरतं चालेल. डाळी सुकून गळाल्यावरही रोपं दोन-तीन आठवडे वाढू द्या. मग प्रत्येक खोक्यातली वीसेक रोपं मुळांसकट धुवा, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा आणि एकत्र तोला. घरचा वजनकाटा इथे कामाचा नाही, सोनाराचा लागेल.