तिसरी कोळपणी

संपादकांनी विषय दिला होता ज्वारीच्या नव्या वाणांचा. पाण्याचा ताण सोसणारं पीक कसं घडवतात, संशोधन कुठवर आलंय, शेतकऱ्याच्या हातात त्यातलं काय पडतं, असं सगळं. त्यासाठी सोलापूर गाठलं, माहितीपुस्तिका चाळल्या आणि मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात एका कोळप्यापाशी येऊन अडकलो. तेव्हा या लेखात वाण आहेत, पण त्यांच्या वाट्याची बरीच जागा त्या अवजारानं खाल्ली आहे.

इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. कोरडवाहू शेतीचा शास्त्रशुद्ध अभ्यास आपल्याकडे १९२३ साली पुण्याजवळ मांजरीच्या फार्मवर सुरू झाला. तो ताम्हणे या कृषिशास्त्रज्ञांनी सुरू केला. १९३३ मध्ये सोलापूर आणि विजापूरला खास केंद्रं निघाली. त्यांतून जी शिफारस पुढे आली तिला ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणत: बांधबंदिस्ती, शेणखत, कमी बियाणं, दोन ओळींत ऐसपैस अंतर आणि पुन्हा पुन्हा कोळपणी. त्याच दशकात मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून एक निवड झाली, ‘मालदांडी ३५-१’. तेव्हापासून देशात सरकारं बदलली, संकरित ज्वारी आली, खरिपात तिनं धुमाकूळ घातला. पण रब्बीच्या रानातून मालदांडीला हलवणं काही कुणाला जमलं नाही. नव्वदीच्या घरातलं वाण अजून शेतात उभं आहे, ही गोष्ट मला कुठल्याही नव्या शोधाहून जास्त थक्क करते.

हे पीक जगतं कसं ते आधी पाहिलं पाहिजे. सोलापूरकडे जूनचा पाऊस बेभरवशाचा. खरा आधार सप्टेंबरच्या पावसाचा. म्हणून इथला शेतकरी पावसाळाभर भारी रान पडीक ठेवतो, कुळवून कुळवून तयार करतो, आणि पाऊस सरत आल्यावर, १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान, पाभर धरतो. म्हणजे पेरणी होते तेव्हा पाऊस जवळजवळ संपलेला असतो. पुढचे चार महिने पिकानं जगायचं ते मातीत मुरलेल्या ओलीवर. चांगल्या काळ्या मातीत मीटरभर खोलीला साधारण दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी पिकाला मिळण्याजोगं साठतं. एक मिलिमीटर म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर. हिशेब केला तर साठा लहान नाही. पण हा शिल्लक मोडून चालवायचा संसार आहे, मिळकत बंद. दाणा भरायची वेळ येते तेव्हा वरची दोन वीत माती कोरडी ठाक झालेली असते आणि ओल उरलेली असते ती खाली.

हे पाणी दोन वाटांनी जातं. एक वाट पिकाच्या पानांतून. ती हवीच, कारण त्यातूनच दाणा होतो. दुसरी वाट नुसत्या मातीतून, फुकटची. आणि काळ्या मातीची खोड अशी की ती वाळताना उलते. आधी केसासारख्या चिरा, मग बोट जाईल एवढ्या, मग हात जाईल एवढ्या भेगा. प्रत्येक भेग म्हणजे खालच्या ओलीला वर उघडलेलं दार. शिवाय भेग पडताना मुळं तुटतात ती वेगळीच.

इथे कोळपं येतं. मी गेलो तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता आणि ज्वारी मांडीच्या वर गेली होती. सत्तरीच्या पुढचे एक आण्णा तिसरी कोळपणी करत होते. बैलांच्या तोंडाला मुसकी, नाहीतर ते चालता चालता पीक ओरबाडतील. जू लांब, म्हणजे दोन्ही बैल आपापल्या पट्ट्यातून चालतात. मागं कोळप्याचं रुमणं आण्णांच्या मुठीत. बघताना वाटतं, नुसतं धरून चालायचं आहे. पण ती मूठ सारखी बोलत असते: ओळीकडे फास, म्हणजे कोळप्याचं पातं, सरकला की बारीक पीळ, माती घट्ट लागली की दाब, तण अडकलं की किंचित उचल. ओळींतलं अंतर दीड फूट, त्यातून बैलाचे खूर आणि लोखंड दोन्ही जायचे, आणि ताट एकही मोडायचं नाही. मी बांधावरून पाहत होतो, एकही मोडलं नाही.

अवजार साधं. लाकडी दिंड, त्यात बसवलेल्या जानोळ्या, जानोळ्यांना फास, आणि धरायला रुमणं. शहाणपण आहे ते फासात. पीक तीन आठवड्यांचं असताना फटीचं कोळपं चालवतात. त्याच्या पात्याला मध्ये फट असते. रोपांची ओळ त्या फटीतून सुखरूप निघते आणि दोन्ही बाजूंची माती हलते. पाचव्या आठवड्यात अखंड फासाचं कोळपं, ओळींच्या मधून. तोवर जमीन नरम असते, तण कोवळं असतं, सलग पातं सुरेख चालतं. आठव्या आठवड्याला मात्र माती इतकी कडक होते की अखंड पातं वरूनच घसरत जातं. म्हणून तेव्हा दातेरी कोळपं. त्याचे दात कवच फोडतात, भुगा करतात, आणि तो भुगा भेगांत पडून त्या बुजतात. वर दोन-तीन बोटं मोकळ्या मातीचा थर तयार होतो. खालची ओल त्या थरापर्यंत येते आणि तिथेच थांबते.

“तण तर दुसऱ्या पाळीलाच मेलं,” मी म्हटलं, “मग ही पाळी कशाला?”

“ही तणासाठी नव्हंच मालक,” आण्णा म्हणाले. “ही रान झाकायला. कोळपणी म्हंजी अर्धं पाणी.”

खाली वाकून त्यांनी एक भेग दाखवली. न कोळपलेल्या पट्ट्यात होती. तिच्यात त्यांनी हात घातला तो मनगटापर्यंत गेला. मग कोळपलेल्या ओळीतली माती बोटांनी बाजूला केली. दोन बोटांच्या भुग्याखाली माती काळीशार, चिकट, आणि हाताला गार.

पिकाच्या अंगातही हीच काटकसर असते, आणि नव्या वाणांवर काम करणारे तिचाच माग काढत आहेत. हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट या संस्थेनं त्यासाठी एक अजब मांडणी केली आहे. खड्ड्यात ओळीनं उभ्या केलेल्या, दोन मीटर लांबीच्या प्लॅस्टिकच्या नळ्या, मातीनं भरलेल्या. त्यात ज्वारी लावायची आणि ठरावीक दिवसांनी साखळीच्या कप्पीनं प्रत्येक नळी वर उचलून वजन करायचं. घटलेलं वजन म्हणजे पिकानं प्यायलेलं पाणी. अशा मोजणीतून एक गोष्ट पुढे आली: दुष्काळात जिंकतं ते जास्त पाणी ओढणारं ताटच असं नाही, तर फुलोऱ्याआधी हात आखडून पिणारं आणि दाणा भरताना थोडं पाणी शिल्लक असणारं. शेवटपर्यंत पानं हिरवी ठेवणाऱ्या ज्वारीचं गुपित बऱ्याच अंशी हेच. तिचा प्रसिद्ध वंश मूळ इथिओपियाचा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की अशी ताटं फुटवे कमी ठेवतात, पानांचा पसारा आवरता घेतात, आणि त्यातून वाचलेलं पाणी शेवटी दाण्याला मिळतं. हा गुण दुसऱ्या वाणात उतरवताना मात्र गंमत होते. ज्या वाणात घालावा त्याच्या स्वभावाप्रमाणे तो वेगळा वागतो, कुठे उपयोगी पडतो, कुठे नाही.

पानं हिरवी राहण्याला आपल्याकडे आणखी एक मोल आहे. पाणी तुटलं की ताट दाण्यासाठी आपल्याच खोडातली साखर उपसतं. खोड पोकळ आणि अशक्त झालं की बुडातून बुरशी शिरते आणि उभं पीक आडवं होतं. हाच खडखड्या रोग. मग दाणा बारीक आणि कडबा काळा.

राहुरीच्या कृषी विद्यापीठानं जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिले, ही मला सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यम रानाला फुले सुचित्रा, भारी रानाला फुले वसुधा. मुरमाड रानात भारी रानाचा वाण लावला तर तो नसलेल्या पाण्याच्या भरवशावर पसारा मांडतो आणि कणसाच्या वेळी मान टाकतो. याउलट बाटल्यांतून विकली जाणारी ‘ताणनाशकं’ पाहिली की माझा हात आखडतो. केओलिनची फवारणी ऊन परतवते, पोटॅशियम नायट्रेटनं पानांना थोडा तग मिळतो, हे खरं. पण मातीत नसलेलं पाणी फवाऱ्यानं येत नाही.

आता अडचणी. त्या लेखाच्या शेवटी दोन ओळींत उरकायचं ठरवलं होतं, तसं होणार नाही.

पहिली अडचण बैलांची. आण्णांच्या वस्तीच्या आसपास पूर्वी प्रत्येकाच्या दावणीला जोडी होती. आता त्यांचीच तेवढी राहिली आहे, आणि लोक ती भाड्यानं मागायला येतात. पहिली कोळपणी छोट्या ट्रॅक्टरनं होते, दुसरीही ओढूनताणून जमते. पण आठव्या आठवड्यात ज्वारी ट्रॅक्टरच्या पोटाखालून जात नाही. म्हणून तिसरी पाळी गळते. जी पाळी भेगा बुजवते नेमकी तीच. वाण कितीही काटकसरी असो, जमिनीची दारं सताड उघडी राहिली तर त्याची काटकसर वाऱ्यावर जाते. नव्या वाणाचं बियाणं अनुदानात मिळतं. तिसऱ्या कोळपणीला अनुदान मिळाल्याचं मी ऐकलं नाही.

दुसरी अडचण काढणीची. रब्बी ज्वारी मुळासकट उपटतात, कारण कडब्याचा इंचही सोडायचा नसतो. काळ्या मातीत घट्ट बसलेली ताटं दिवसभर उपटणं म्हणजे हाताची सालं निघणं. हे काम करायला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी पिकाच्या पैशाला भारी पडते. यंत्रानं कापली तर बुडखा रानात राहतो.

तिसरी अडचण उसाची. उजनी धरणाचं पाणी जिथं पोचलं तिथं ऊस आला आणि ज्वारी मागं हटली, आणि जिथं पोचलं नाही तिथं हरभरा पुढे सरकतो आहे, कारण तो काढायला सोपा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानाचं आहे, पण मानांकनानं कोळपायला बैल येत नाहीत.

अवजारं बनवणाऱ्यांना आणि कृषी अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांना माझी विनंती एवढीच आहे. दीड फुटाच्या ओळीत, मांडीच्या वर गेलेल्या पिकातून, ताट न मोडता दातेरी फास ओढील असं हलकं, एका माणसाला पेलणारं आणि चार शेतकऱ्यांनी मिळून घेता येईल अशा किमतीचं यंत्र द्या. त्याची चाचणी फार्मच्या सपाट प्लॉटवर घेऊ नका. नोव्हेंबरअखेर मंगळवेढ्याच्या उललेल्या रानात घ्या, आणि रुमणं धरलेल्या माणसाला पास-नापास ठरवू द्या.