रिपोर्टमध्ये शुगर वाढली, पण रक्त कमी आहे का? ‘एचबीए१सी’ कधी चकवते, समजून घ्या

सोलापूर : थकवा येतो म्हणून तपासणी केली, ‘एचबीए१सी’ ६.२ आली आणि घरात बिनसाखरेचा चहा सुरू झाला. पण त्याच रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९ असेल, तर निष्कर्षाची घाई नको.

चाचणी काय मोजते?
लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या काळात हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, हे ‘एचबीए१सी’ सांगते. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ किंवा अधिक म्हणजे मधुमेह.

गडबड कुठे होते?
लोह कमी असल्यास रक्तात जुन्या पेशींचे प्रमाण वाढते आणि आकडा फुगू शकतो. याउलट सिकलसेल किंवा नुकताच रक्तस्राव झाला असल्यास तो कमी दिसतो. खरा मधुमेह झाकला जातो.

राज्यातला अनुभव काय?
पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या संशोधकांच्या २०१२ मधील अभ्यासात ग्लुकोज चाचणीने ७.८ टक्के तरुण प्रीडायबेटिक ठरले, ‘एचबीए१सी’ने २३.३ टक्के. लोहाची कमतरता हे त्यामागचे एक कारण होते. ‘एनएफएचएस-५’नुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे.

मग काय करावे?
सोबत सीबीसी करा. रक्त कमी असल्यास उपाशीपोटी साखर (१२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेह) आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर (२०० किंवा अधिक) तपासण्याबाबत डॉक्टरांना विचारा. सुरू असलेली गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.